नळी बदलण्याचा प्रश्न

२००४ च्या नोव्हेंबरात माझ्या मामांच्या हातून एक रानडुक्कर जखमी होऊन निसटले. भात कापणीला आले होते, वनखात्याचा परवाना रीतसर काढलेला होता, दिवस नुकताच बुडत होता आणि अंतर फार तर साठ पावलांचे. शिकारकथेत अशा वेळी बार होतो आणि जनावर जागच्या जागी कोसळते. इथे ते ओरडले आणि ओढ्याच्या दिशेने गेले. मामा, मी आणि दोन गडी बॅटऱ्या घेऊन उजाडेपर्यंत रक्ताच्या मागावर होतो. ओढ्याच्या पाण्यात माग सुटला. चौथ्या दिवशी वासावरून ते करवंदीच्या जाळीत सापडले. गोळी पोटात, मागच्या बाजूला लागली होती. मामांनी घरी येऊन पाय धुतले आणि न जेवता रायफल उघडून बसले. संध्याकाळी म्हणाले, "नळी गेली हिची. बदलायला पाहिजे."

रायफल ०.३१५ ची, सरकारी कारखान्यात बनलेली. आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली. ०.३०३ हे लष्कराचे माप नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही ०.३१५ आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली. उरली ती पिकाची राखण.

आता, नळी 'जाते' म्हणजे नेमके काय होते? गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा नळीत आतून कोरलेल्या असतात. त्या गोळीच्या घासण्याने झिजतात अशी माझी समजूत होती. वास्तविक त्यांचा मोठा शत्रू आहे आग. काडतूस बसते त्या कप्प्याच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात, तिथे प्रत्येक बाराला तप्त वायूचा झोत आदळतो. पोलादावर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि खाचांची सुरुवात हळूहळू पुढे सरकत जाते. ब्रिटिश लष्कराने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीच्या उथळ, गोलसर खाचा काळ्या दारूसाठी उत्तम होत्या. नंतर कॉर्डाइट ही धूर न करणारी, पण अतिशय तप्त जळणारी दारू आली आणि तिने त्या खाचा भराभर खाऊन टाकल्या. तेव्हा १८९५ मध्ये खोल, कोनदार अशा पाच खाचांची एन्फील्ड नळी बसवण्यात आली. दारू बदलली म्हणून नळी बदलावी लागली. तिचा स्वतःचा दोष काहीच नव्हता.

परंतु मामांच्या नळीला हे कारण लागू पडत नव्हते. परवान्याच्या पुस्तकात विकत घेतलेल्या काडतुसांची नोंद असते. मी ती पाने बसून मोजली. चाळीस वर्षांत सहाशेही काडतुसे भरेनात. अशा साध्या शिकारी रायफलीची नळी काही हजार बार सहज सोसते. नेमबाजीच्या मैदानावरचा माणूस नळीचे आयुष्य बारांत मोजतो. वर्षाला दहा-पंधरा काडतुसे उडवणाऱ्याच्या हयातीत नळी झिजून संपणे जवळजवळ अशक्यच. ती मरते गंजाने, किंवा तोंडाकडून निष्काळजीपणे साफ केल्याने. जुन्या काडतुसांच्या टोपीतले रसायन जळल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते हवेतली ओल धरतात. म्हणून आजोबांच्या शिस्तीनुसार मामा शिकारीहून आले की आधी किटलीभर उकळते पाणी नळीतून ओतत, मग कोरडी चिंधी, मग तेल. (चहाला त्यानंतर नव्याने आधण ठेवले जाई, याबद्दल मामींची तक्रार कायमची होती.) एका निवडणुकीत मात्र रायफल ठाण्यात जमा झाली ती पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिली. परत आली तेव्हा नळीत तांबूस ठिपके होते. मामांचा सगळा रोख त्या ठिपक्यांवर होता.

गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आबासाहेब, नळीवर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा." त्यांनी आधी अमोनियाने नळी घासली. चिंध्या निळ्या-हिरव्या निघत राहिल्या. ते गोळ्यांचे साचलेले तांबे होते आणि त्यानेही नेम बिघडतो. मग दस्त्याचे स्क्रू आवळले. पावसात लाकूड फुगून नळीला कुठे टेकते आहे का, हे कागदाची पट्टी सरकवून पाहिले. नळीच्या तोंडाची कड नखाने चाचपली, कारण गोळीला सुटताना शेवटचा स्पर्श तिचाच होतो. पन्नास पावलांवर कागद लावला, वाळूची पोती रचली. मामांनी पाच बार काढले. पाचही भोके कागदावर होती, पण जेवणाचे ताट त्यांना अपुरे पडले असते. नंतर सुभेदारांनी पाच काढले. ती भोके आमटीच्या वाटीखाली झाकली गेली.

कोणी काही बोलले नाही. उघड्या नेमाच्या रायफलीत डोळ्याला जवळची खाच, पुढची माशी आणि लांबचे सावज अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात, आणि मामा त्रेसष्ट वर्षांचे होते. सुभेदारांनी खाली बघत विचारले, "दुर्बीण बसवून बघायची काय?" मामा म्हणाले, "दुर्बीण नळीला लागत नाही, डोळ्याला लागते." मग थोड्या वेळाने, "नळीच बदलू." सुभेदार "होय" म्हणाले. मीही म्हणालो.

कायद्याच्या लेखी नळी हा शस्त्राचाच भाग, तेव्हा परवानगीचा अर्ज आला. तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. भाचा मराठीचा एम. ए. असल्याचा मामांना झालेला हा बहुधा एकमेव उपयोग. 'सविनय सादर' सहज जमले, परवान्याचा क्रमांक उतरवला, आणि 'कारण' या शब्दापाशी मी अडलो. वर्गात मी मुलांना निवेदक विश्वसनीय आहे की नाही हे ओळखायला शिकवतो. इथे निवेदक मीच होतो. 'नळी झिजल्यामुळे' हे धडधडीत खोटे होते. जे खरे होते ते मामांच्या नावाच्या अर्जात, त्यांच्या सहीच्या वर, मी कोणत्या तोंडाने लिहिणार? शेवटी लिहिले, 'नळीस गंज लागल्यामुळे'. ठिपके होतेच. अर्धे खरे इतके सोयीचे असते, हे मला तेव्हा प्रथमच कळले असे नाही. पण स्वतःच्या अक्षरात प्रथमच दिसले.

मामांनी अर्ज दोनदा वाचला, घडी घालून परवान्याच्या पुस्तकात ठेवला. "अक्षर चांगलं आहे," एवढेच म्हणाले. तो त्यांनी कधीच दिला नाही. पुढच्या वर्षी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, त्याआधी नळीतून एकदा उकळते पाणी ओतून. भात पिकले तेव्हा ते पत्र्याचा डबा, काठी आणि लवंगी फटाक्यांची माळ घेऊन माळ्यावर राखणीला बसले. मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. रात्रभर अधूनमधून डबा वाजत होता.