काठावर आलेले रान

साताऱ्याहून निघून कासचे पठार ओलांडले आणि बामणोलीच्या अंगाला उतरू लागले, म्हणजे एका वळणावर शिवसागराचे पाणी एकदम दृष्टीस पडते, आणि ते पडताच सोबतच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी काश्मीरचे नाव घेतल्यावाचून राहत नाही. पलीकडच्या तापोळ्याला तर हे नाव इतके चिकटले आहे की आता ते पाट्यांवरही रंगवलेले दिसते. मला या उपमेचा मनस्वी कंटाळा आहे. आपल्या घरची वस्तू देखणी आहे हे मान्य करण्यासाठी दुसऱ्या मुलखाची सनद आपल्याला का लागावी, हे मला कधी उमगलेले नाही. आणि हे खोरे ज्या जावळीचे, जिच्या नुसत्या नावाने एके काळी भल्याभल्या सरदारांच्या फौजा घाटमाथ्यावर थबकत, तिला तरी ती खचित लागू नये.

फाल्गुनाचा आरंभ होता. कासच्या सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडले होते. बामणोलीच्या चौकीत नावे लिहून झाली, पिशव्यांतल्या बाटल्यांची मोजदाद झाली, सूर्यास्ताच्या आत परत यायचे असे बजावण्यात आले, आणि वासोट्याच्या परवान्याचा कागद खिशात घालून आम्ही एका लाँचमध्ये बसलो. लाँच चालवणारे गृहस्थ साठीच्या घरातले, डोक्याला मुंडासे गुंडाळलेले, मितभाषी. इंजिनाचा आवाज इतका होता की मितभाषी नसते तरी आमचे काही बोलणे झाले नसते.

कोयना ही मोठी विलक्षण नदी आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी, म्हणजे कृष्णेची सख्खी बहीणच. पण बहिणीसारखी पूर्वेची वाट न धरता ही दोन उत्तुंग डोंगररांगांच्या मधून सरळ दक्षिणेकडे निघते, हेळवाकला पोहोचल्यावर तिला जणू आठवण होते, आणि मग ती काटकोनात पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडते. हेळवाकच्या अलीकडे, वळणापाशीच, १०३ मीटर उंचीची भिंत घालून तिला अडवली. साठीच्या दशकात पाणी तुंबले, आणि सोळशी व कांदाटी या तिच्या लेकींच्या खोऱ्यांतही शिरून सुमारे ५० किलोमीटर लांबीचा हा शिवसागर जलाशय झाला. तेथून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांवाटे पाणी पोफळीकडे उतरवून त्याची वीज करतात, आणि पूर्वसमुद्राला मिळण्याचा जिचा जन्मसिद्ध हक्क, त्या नदीचे पुष्कळसे पाणी वाशिष्ठीच्या मार्गाने पश्चिमसमुद्राला जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे या भूमीने जे अंग झाडले त्याचा संबंध शास्त्रज्ञ या साठलेल्या पाण्याशी जोडतात. मी शास्त्रज्ञ नाही. पण तासभर त्या पाण्यावरून जात असताना, एवढे ओझे उरावर घेतलेल्या जमिनीने कधीतरी कूस बदलली असेल तर तिला दोष कसा द्यावा, असे वाटत राहिले.

दोन्ही बाजूंनी रान सरकत होते. दुरून ते पाण्याला टेकलेले भासे. परंतु लाँच काठाजवळून जाऊ लागली तेव्हा ध्यानात आले की रान आणि पाणी यांच्या दरम्यान तांबड्या मातीचा एक उघडाबोडका पट्टा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय तुडुंब भरतो तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरांवर जाऊन थांबते. त्या रेषेच्या खाली झाड जगत नाही आणि वर पाणी चढत नाही. मधली ही जागा वर्षातून काही महिने पाण्याच्या वहिवाटीची, काही महिने कोणाच्याच नाही अशी. आणि त्या रेषेवर, जणू कोणी गुण्या लावून आखल्याप्रमाणे, झाडांची पहिली रांग उभी असते. ती पाहताना मला कसलीतरी विसंगती टोचत होती, पण ती कोणती हे उमजत नव्हते. वासोटा गडाच्या पायथ्याशी, मेट इंदवलीच्या धक्क्याला लाँच लागली आणि त्या पहिल्या रांगेत शिरलो तेव्हा उलगडा झाला. नदीकाठची म्हणून जी झाडे आपण ओळखतो, ती वाळुंज, ते करंज, ती पाण्यावर ओणवलेली उंबरे, यांतले येथे काहीच नव्हते. येथे होता हिरडा, जांभूळ, पिसा, गेळा आणि सगळ्यांत अधिक अंजनी. ही सारी डोंगरउताराची झाडे. नदीकाठचे रान नदीबरोबरच तळाला गेले. आज जे काठावर उभे आहे ते रान मुळात डोंगराच्या निम्म्या उंचीवरचे. ते पाण्याजवळ गेलेले नाही. काठच चालत त्याच्या पायाशी आला.

अंजनीचे झाड एरवी कोणाच्या नजरेत भरण्यासारखे नव्हे. बुटके, गाठाळ, जाड काळपट पानांचे, गर्दीत अंग चोरून उभे राहिलेल्या माणसासारखे. पण आम्ही गेलो तो त्याच्या फुलण्याचा हंगाम होता. फुले शेंड्याला येत नाहीत; पानांच्या खाली, जुन्या निबर फांदीच्या सालीतून थेट उमटतात, आणि इतकी दाटीने की फांदीवर कोणी निळ्या रंगात बुडवलेले लोकरीचे गोंडे बांधत गेले आहे असे वाटावे. मी एक गोंडा भिंगाखाली धरून पाहिला. प्रत्येक फूल मोहरीच्या दाण्याहून थोडेसेच मोठे; चार निळ्या पाकळ्या, आणि त्यांतून बाहेर डोकावणारे जांभळट केसर, ज्यांची टोके आतल्या बाजूला किंचित वाकलेली. पाऊलवाटेवर या फुलांचा सडा पडला होता. पानांच्या कमानीतून झिरपणारा उजेड हिरवा आणि पायाखालची माती निळी, असा प्रकार. वर कुठेतरी कुटुर्गा एकसुरी ठोका धरून बसला होता, आणि मधूनच शेकरू खडखडाट करून त्याचा ताल मोडीत होते.

वाटेच्या डाव्या अंगाला एके ठिकाणी मला एक फणस दिसला. त्याच्यापलीकडे दोन जुने आंबे. माणसे जशी आपोआप रांगेत उभी राहत नाहीत तशी रानात वाढलेली झाडेही राहत नाहीत. हे तिघे मात्र ओळीत होते. पाचोळा बाजूला सारला तेव्हा जोत्याचे घडीव दगड लागले, आणि त्यांच्या कडेला, जमिनीत गळ्यापर्यंत रुतलेले, एक दगडी उखळ. त्याच्या तोंडाशी मुसळाने कांडून कांडून आलेली गुळगुळीत झळाळी अजून शाबूत होती. आत दोन बोटे पाणी साचले होते आणि त्यावर अंजनीची फुले तरंगत होती.

मूळचे रान, अस्सल रान, असे आपण सहज म्हणून जातो. १९८५ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर रानांबरोबर याचीही जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. दफ्तरी मूळपण आता पक्के आहे. परंतु याच उतारांवर कुणबी कुमरी करीत, म्हणजे रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी आणि वरी घेत, दोन-चार वर्षांनी ती जागा सोडून पुढे सरकत, आणि मागे कारवी माजे. कारवीच्याच काठ्यांनी त्यांच्या घरांचे कूड विणले जात. धनगरांची गुरे याच झऱ्यांवर पाणी पीत. मग पाणी आले आणि माणसे सोलापूर-सांगलीच्या माळांवर, रत्नागिरी-ठाण्याच्या कोपऱ्यांत पांगली. त्यांच्यामागे रानाला जी निवांत फुरसत मिळाली, तिच्यात ते जोत्यांवरून, पाणंदींवरून, बांधांवरून परत वस्तीला आले. म्हणजे माणसाच्या मानाने रान मूळचे आणि पाण्याच्या मानाने माणूस मूळचा. जलाशय तर वयाने त्या फणसाहूनही धाकटा. आणि अवघ्या देखाव्यात मालकाच्या थाटात पसरलेला तोच!

पुढची चढण दमवणारी होती आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. वासोटा हा मराठेशाहीतला आडवळणाचा कैदखाना. राजापूरच्या वखारीतून धरलेल्या इंग्रजांपैकी काहींना शिवाजी महाराजांच्या काळात येथे ठेवले होते, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला तेव्हाही त्यांचे दोन अधिकारी येथल्या बंदिवासातून सुटले. छत्रपती प्रतापसिंहांचे कुटुंबही पेशव्यांनी त्या वेळी येथेच ठेवले होते. या गडाला वेगळा तट फारसा का लागला नाही, हे बाबूकड्याच्या टोकाशी उभे राहिले म्हणजे कळते. खाली एकदम कोकण, आणि पाठीशी हे रान. कैद्याने पळावे तरी कोणत्या दिशेला?

परतीच्या वेळी ऊन कलले होते आणि पाणी शिशासारखे निश्चल झाले होते. लाँचवाल्या काकांनी इंजिन मंद ठेवले होते, म्हणून प्रथमच बोलणे निघाले. तुमचे मूळ गाव कोणते, असे मी विचारले. आपल्याकडच्या प्रत्येक अर्जात हा प्रश्न असतो, त्याच सवयीने. त्यांनी उत्तर दिले नाही, नुसती हनुवटी पाण्याकडे केली. थोड्या वेळाने, समोर दूरवर मोकळे पाणी पसरलेले असताना, त्यांनी सुकाणू दाबले आणि लाँच उजवीकडे एक मोठा बाक घेऊन निघाली. वाटेत ना खडक, ना दुसरी होडी. मी म्हणालो, ‘‘काका, सरळ का नाही घेतलीत?’’

‘‘तितं आमच्या आंब्यांची खोडं हायती, सायेब,’’ ते म्हणाले. ‘‘शिमग्याला पानी उतारलं की तळाला लागत्यात. देवळाच्या मागनं घ्यायची.’’

मी पाण्याकडे पाहिले. देऊळ कोठेच नव्हते. लाँच त्याच्या मागून वळली.