लंडनची चिल्लर

लंडनला गेलात की बिग बेन, लंडन आय, ऑक्सफर्ड स्ट्रीट हे सगळं कराच. पण एखादा शनिवार मोकळा मिळाला, तर रसेल स्क्वेअर स्टेशनला उतरा आणि खिशातली चिल्लर घेऊन ब्लूम्सबरीत भटका. खर्च जवळपास शून्य, आणि टाइमपास एकदम हटके!

सुरुवात सेनेट हाउसपासून. लंडन युनिव्हर्सिटीची ही उंच, पांढरी, जराशी दरडावणारी इमारत. १९३३ मध्ये राजा पाचव्या जॉर्जने तिची पायाभरणी केली, तेव्हा कोनशिलेखाली त्या सालची नाणी ठेवली. त्यातच आहे १९३३ ची पेनी. त्या वर्षी बाजारात पेन्या इतक्या पडून होत्या, की टांकसाळीने वापरासाठी नव्या पाडल्याच नाहीत. पायाभरण्या आणि म्युझियम यांच्यापुरत्या जेमतेम सात-आठ पाडल्या. लीड्समधल्या मिडलटनच्या सेंट क्रॉस चर्चखालची पेनी तर १९७० मध्ये चोरांनी कोनशिला हलवून पळवली. एका पेनीसाठी!

तिथून दोन मिनिटांवर ब्रिटिश म्युझियम. फुकट प्रवेश. ममीकडची गर्दी टाळा आणि थेट ६८ नंबरची खोली गाठा. या दालनात फक्त पैसा! म्युझियमच्या संग्रहातली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे १९०३ ची एक साधी पेनी. मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी त्यावरच्या सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावर ‘व्होट्स फॉर विमेन’ हे शब्द ठोकले. नाणं खराब झालं, आणि म्हणूनच अमूल्य झालं.

आसपासच्या गल्ल्यांत नाण्यांची दुकानं आहेत. तिथे पहिला गैरसमज दूर होतो. जुनं म्हणजे महाग, असं अजिबात नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचं रोमन तांब्याचं नाणं काही पौंडांत मिळतं, आणि २००९ चं पन्नास पेन्सचं नाणं शंभराच्या वर जातं! हे क्यू गार्डन्सचं, पॅगोडा असलेलं. अशी फक्त २,१०,००० पाडली गेली. २०२४ मध्ये तो मान गेला राजा चार्ल्सच्या २०२३ च्या सॅमन माशाच्या नाण्याकडे. ती २,००,०००. किंमत ठरते ती किती पाडली आणि किती मागतात यावर. वयावर नाही.

चुकांना तर सोन्याचा भाव. २००८ मध्ये वीस पेन्सचं डिझाइन बदललं आणि साल काट्याकडून छाप्याकडे गेलं. काही नाण्यांना मात्र नवा काटा आणि जुना छापा लागला. दोन्ही बाजूंना साल नाही! आणि राज्यच हुकलं तर? आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, त्यामुळे त्याची १९३७ ची नाणी चलनात आलीच नाहीत. त्याचं एक सोन्याचं सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेलं.

सॉव्हरिन म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला नको. आपल्या आज्यांची गिनी! मी दुकानात उभा असतानाच आईचा व्हॉट्सअ‍ॅप आला. सोबत आजीच्या गळ्यातल्या गिनीचा फोटो. ‘दादाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट आहे. मोडायच्या आधी विचार, काही जास्त मिळेल का?’

दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. साल १९१८. घोड्याच्या पायाखाली, सालाच्या वर, एक बारीक ‘आय’. आय म्हणजे इंडिया! पहिल्या महायुद्धात रॉयल मिंटने मुंबईत शाखा काढली आणि तिथे १९१८ सालची सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडली. पुढच्याच वर्षी शाखा बंद. म्हणजे आजीची गिनी लंडनची नव्हतीच, ती पक्की मुंबईकर!

“मग किंमत?” मी विचारलं. ते हसले. तेरा लाख म्हणजे दुर्मीळ नाही. शिवाय वर गळ्यात घालायची कडी डाखलेली. संग्राहक असं नाणं बाजूला ठेवतो. मिळेल ते सोन्याचं वजन. आठ ग्रॅमला थोडं कमी, बावीस कॅरट.

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. सराफ देईल तेवढेच, म्हणून सांगितलं. मुंबईची आहे, तेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “कडी आजोबांनी लावून घेतली होती रे, लग्नात.” महिन्याभराने दादाचं डाउन पेमेंट झालं. आईने स्वतःच्या पाटल्या मोडल्या. गिनी कपाटातच आहे.

खिसा तपासताना...

- चांदी हवी तर साल बघा. ब्रिटनची शिलिंगसारखी ‘चांदीची’ नाणी १९२० पूर्वी ९२.५ टक्के चांदीची होती, १९२० ते १९४६ निम्मी. १९४७ पासून निकेल-तांबं.
- दोन पेन्सवर ‘न्यू पेन्स’ लिहिलंय म्हणून उड्या मारू नका. १९७१ ते १९८१ सगळ्यांवर तेच आहे. १९८३ साल असेल तरच उड्या मारा.
- नाणं कधीच घासू-पुसू नका. चकाकी येते, किंमत जाते.