तीन तुकड्यांची बंदूक

तर झालं असं, की 2024 च्या डिसेंबरात अस्मादिक ऑनसाईट होते. गाव सिरॅक्यूज, राज्य न्यूयॉर्क. (आईने शेजारीपाजारी "न्यूयॉर्कला असतो" एवढंच सांगून ठेवलंय. ते शहर इथून गाडीने चार-पाच तास लांब आहे आणि इथे फक्त बर्फ आहे, पण असो.) ख्रिसमसला ऑफिस रिकामं, रूममेट भारतात, आणि मी फ्रोजन पराठ्यांच्या भरवशावर. आमच्या प्रोजेक्टच्या डीबीएला ते काही बघवलं नाही. पन्नाशीला टेकलेली, कमी बोलणारी बाई. म्हणाली, "वडिलांकडे चाललेय फुल्टनला, तूही चल."

फुल्टन म्हणजे ऑस्वेगो नदीकाठचं छोटंसं गाव. वडील ऐंशी वर्षांचे, एकटेच राहणारे. तिथल्या नेस्लेच्या चॉकलेट कारखान्यात त्यांची नोकरी झाली, तो कारखानाही 2003 मध्ये बंद पडला. घरभर खोकी बांधून ठेवलेली, कारण जानेवारीत ते म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात राहायला जाणार होते. आणि जेवणाच्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर, एक दुनळी बंदूक. तीन तुकड्यांत. एक नळ्यांची जोडी, एक दस्ता आणि यंत्र, आणि तिसरा वीतभर लाकडाचा तुकडा, जो नळ्यांखाली बसतो आणि डाव्या हातात धरायचा असतो. त्याला फोरएंड म्हणतात.

मी जरा दचकलोच. टेबलावर बंदूक म्हणजे आपल्याला एकदम सिनेमा आठवतो. म्हाताऱ्याने ते ओळखलं. म्हणाला, "घाबरू नकोस, सुटी असली की ही नुसती सुतारकी आणि लोहारकी."

बंदूक होती एल. सी. स्मिथ, सोळा गेजची. (गेज म्हणजे नळीच्या मापाच्या किती शिसाच्या गोळ्या मिळून एक पौंड होतो, तो आकडा. म्हणजे सोळा गेजची नळी आपल्या बारा बोअरपेक्षा बारीक. हे उलटं गणित कुणी ठरवलं देव जाणे.) हा स्मिथ सिरॅक्यूजचाच. त्याने 1890 च्या सुमारास बंदुकीचा धंदा फुल्टनच्या हंटर कुटुंबाला विकला आणि स्वतः टाईपरायटरच्या मागे लागला. स्मिथ-कोरोना हे नाव त्यातूनच पुढे आलं. गंमत म्हणजे बंदुकीचा खटका आणि पहिला स्मिथ टाईपरायटर, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले. अलेक्झांडर ब्राऊन त्याचं नाव. त्या टाईपरायटरला शिफ्ट की नव्हतीच, मोठ्या आणि लहान अक्षरांना वेगवेगळ्या कळा. म्हणजे तोही एका अर्थाने दुनळीच!

ब्राऊनसाहेबांचं डिझाईन बघून मी खरोखर गार झालो. नळ्या बंद केल्या की एक गोल बोल्ट फिरून त्यांना आवळतो. वर्षानुवर्षं वापरून धातू झिजला की बोल्ट थोडा जास्त फिरतो आणि पकड तशीच घट्ट राहते. वरचा लिव्हर नवीन असताना उजवीकडे कलता असतो, झीज होईल तसा मधोमध सरकत जातो. म्हणजे बंदूक किती वापरली ते बघायला वेगळं मीटर नको. आम्ही लोक लॉगिंगसाठी वेगळी टीम बसवतो. हिच्यातही बग होताच म्हणा. यंत्राच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडात बसवलेल्या, त्यामुळे पट्टीच्या मागे लाकडाला चीर जाते. याही बंदुकीला गेली होती. म्हातारा त्या चिरेवरून अंगठा फिरवत बोलत होता.

ही त्याच्या वडिलांची. ते गावातल्याच हंटर आर्म्स कारखान्यात दस्ते घासायचे. 1945 मध्ये मार्लिन कंपनीने कारखाना घेतला, 1949 मध्ये यंत्रांच्या वजनाने जमीनच खचली, आणि पुढे फुल्टनमधलं काम आटोपलं. 1958 च्या ख्रिसमसला चौदा वर्षांच्या या पोराने सकाळी लटकवलेल्या मोज्यात हात घातला तर आत संत्रं, आणि संत्र्याखाली हा फोरएंड. तुकडा हातात घेतल्यावर त्याला कळलं. उरलेले दोन तुकडे बापाने त्याच्या पलंगाखाली सरकवून ठेवले होते.

किंमत म्हणाल तर फार नाही. ही फील्ड ग्रेड, म्हणजे सगळ्यात साधी. थिओडोर रूझवेल्टना 1909 च्या आफ्रिका सफरीसाठी फिलाडेल्फियाच्या फॉक्स कंपनीने भेट दिलेली दुनळी 2010 मध्ये लिलावात 8,62,500 डॉलरला गेली. हिला तसं कोण विचारतंय.

आता खरी गोष्ट. म्हातारा दर ख्रिसमसला ही बंदूक मुलीला देऊ करायचा आणि ती दर वर्षी नाही म्हणायची. बारा वर्षं. 14 डिसेंबर 2012 ला शेजारच्या कनेटिकट राज्यात, न्यूटाऊनच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मुलं सहा-सात वर्षांची. हिचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. त्या दिवशी तिने ठरवलं, माझ्या घरात बंदूक येणार नाही. म्हातारा समजवायचा, की ते हत्यार वेगळं होतं, हिच्यात दोन बार झाले की थांबून काडतुसं भरावी लागतात. ती म्हणायची, "मला नळ्या मोजायच्या नाहीत."

त्यात एक आणखी भानगड. त्या काळच्या बऱ्याच सोळा गेजच्या बंदुकांचं चेंबर आखूड असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात बिनबोभाट जातं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. पण बार झाला की तोंड उघडायला जागा नाही आणि दाब भलताच वाढतो. कंपाईल होतं, रनटाईमला फुटतं. "म्हणूनच ही माहीतगाराकडेच राहायला हवी," हे म्हाताऱ्याचं म्हणणं. "म्हणूनच नको," हे मुलीचं.

डोक्याने मी पूर्ण तिच्या बाजूने होतो. पण दस्ता हातात घेतल्यावर खाली ठेववेना.

कारण आमच्याकडेही एक होती. कणकवलीजवळच्या गावी, आजोबांची एकनळी, शेतसंरक्षण परवान्यावरची. रानडुकरं आणि माकडांसाठी. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा ती सोडवून आणेपर्यंत अस्वस्थ असायचे. 2021 मध्ये आजोबा गेले. परवाना वारसाच्या नावावर करायला हवा. बाबांच्या गुडघ्यांनी जबाब दिलेला, ते म्हणाले, "तू तुझ्या नावावर करून घे." मी हिंजवडीत रिलीजच्या गडबडीत. म्हटलं, "बाबा, मी काय डुकरं मारायला येणारे का तिकडे? कोण ते खेटे घालणार?" बाबा पुढे काही बोलले नाहीत. बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे गेली. किती पैसे आले ते मी विचारलंही नाही. आणि इथे न्यूयॉर्क राज्यात बापाने मुलीला अशी बंदूक द्यायची तर मध्ये दुकानदार लागत नाही, पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही. परक्याला द्यायची तरच लागते. ते ऐकून मला आधी भीती वाटली, मग हेवा.

या वर्षी मात्र नाही म्हणून चालणार नव्हतं. वसतिगृहात बंदुकीला मनाई. जेवण झाल्यावर तिने न बोलता नळ्या आणि दस्ता टॉवेलात गुंडाळला आणि फोरएंडसाठी हात पुढे केला. म्हातारा तोवर तो तुकडा स्वेटरच्या खिशात घालून मोकळा.

"हा माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "एवढ्या लाकडाला तिथे कोणी बंदूक म्हणणार नाही. आणि याच्याशिवाय तुझ्याकडच्यालाही कोणी म्हणू नये."

तिन्ही तुकड्यांवर एकच नंबर ठोकलेला आहे, ते त्याने मला मघाशी दाखवलं होतं. ती बराच वेळ त्याच्या खिशाकडे बघत राहिली. मग त्याच्या गालाला गाल लावला आणि टॉवेल गाडीच्या डिकीत ठेवून आली.

परतताना बर्फ इतका की गाडी तीसने. तिने विचारलं, तुमच्या त्या बंदुकीचं काय राहिलंय घरी? मी म्हटलं, काही नाही.

रूमवर पोचल्यावर बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ, चहा चालला होता. विचारलं, "बाबा, आजोबांच्या बंदुकीचं काहीच नाही का राहिलं?"

"काडतुसांचा पट्टा होता, तो उंदरांनी खाल्ला. नळी साफ करायची काठी आहे. तुझी आई तिला फडकं बांधून कोळिष्टकं काढते."

"ती काठी जरा बाजूला ठेवाल? मी येईपर्यंत."

बाबा थोडं थांबले. "ठेवतो. पण मग कोळिष्टकं कशाने काढायची रे?"