मोड

काही मराठी शब्द परस्परविरुद्ध अर्थांना एकाच घरात नांदवतात. 'मोड' हा त्यांतला एक. मटकीला मोड आले म्हणजे घरात उसळीचा आनंद; आणि पीक मोडले म्हणजे उगवलेल्या रोपांवरून वखर फिरवून शेतकऱ्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. खरिपात या दोन अर्थांमध्ये कधीकधी आठ-दहा दिवसांचेच अंतर असते. त्या दिवसांत कोवळ्या रोपाच्या अंगात काय घडते, याचे कुतूहल आम्हांस पुष्कळ काळापासून आहे.

आम्ही मलकपेठेत राहतो. येथील गंजात महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या येतात आणि त्यांच्यासोबत तिकडच्या पाऊसपाण्याच्या वार्ताही. 1956 पर्यंत मराठवाडा व हे शहर एकाच राज्यात होते; त्यामुळे येथील काही मराठी घरांची शेती अजून तिकडेच आहे. आमचीही आहे. जूनमध्ये गावाकडे दूरध्वनी लावला की पहिला प्रश्न 'पेरणी झाली का?' हा असतो, आणि दुसरा, जरा दबक्या आवाजातला, 'उघडीप किती दिवसांची?' पहिल्या सरीवर पेरावे, बी उगवावे, आणि पावसाने दडी मारून ऊन तापावे, ही दुबार पेरणीची कहाणी आमच्या घराला नवी नाही. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि पुष्कळदा पुन्हा कर्ज.

रोप पाण्यावाचून सुकते हे सर्वांस दिसते. ते आतून जळतही असते, हे दिसत नाही. श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण चालू असताना पेशीत ऑक्सिजनची काही अतिक्रियाशील रूपे निर्माण होतच असतात. उष्णता वाढली की ती वाढतात आणि पेशीच्या पटलांतील स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी रोपाजवळ विकरांची साखळी असते. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज हे विकर त्यांतील एका घातक रूपाचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे त्या पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात.

हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मोड आलेली मटकी ठेचून तिच्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले की फेस येतो. कॅटलेजने मोकळा केलेला ऑक्सिजन तो. तीच मटकी चांगली उकळून घेतली तर फेस येत नाही. हा खेळ आम्ही ओट्यावर करून पाहिला, तेव्हा विषयाचे मर्म ध्यानी आले. उष्णतेच्या परिणामांपासून वाचवणारे विकर स्वतः एक प्रथिन आहे, आणि उष्णतेने तेही बिघडते. रक्षकालाही त्याच शत्रूचे भय!

शेतात उकळते पाणी नसते हे खरे. परंतु उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग भर दुपारी हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो, आणि कोंब त्यातूनच वर येतो. अनेक पिकांच्या रोपांवरील निरीक्षणे साधारण एका वळणाची आहेत. मध्यम तापात या विकरांची क्रिया वाढते; एका मर्यादेनंतर ती ढासळते. उष्णता सोसणाऱ्या वाणांत ही मर्यादा उशिरा येते.

अमेरिकेत 1980च्या दशकात सोयाबीनच्या रोपांवर झालेले प्रयोग याहून विचार करायला लावतात. 28 अंश सेल्सिअस तापमानात वाढलेली रोपे एकदम 45 अंशांत दोन तास ठेवली की मरत. आधी दोन तास 40 अंशांत ठेवली, तर मात्र तोच ताप ती सोसत. मधल्या वेळात त्यांनी संरक्षक प्रथिने घडवलेली असत. पुढे असेही दिसून आले, की अल्प प्रमाणातील हायड्रोजन पेरॉक्साइड हे या तयारीचा निरोप पोचवणाऱ्यांपैकी एक आहे. थोडे असते तेव्हा दूत, फार झाले की विष. रोपाला पूर्वसूचना मिळाली की नाही, यावर त्याचे जगणे पुष्कळसे ठरते.

मलकपेठेहून सैदाबादमार्गे पुढे गेले की संतोषनगरात केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था लागते. ती 1985 साली स्थापन झाली. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीच्या, 2011 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पाची धुरा तिच्याकडे आली. उघड्या शेतात अवरक्त तापक लावून पिकांचे तापमान वाढवून पाहण्याची सोयही तिने उभारली आहे. आमच्या गावच्या जूनमधील धास्तीचा अभ्यास आमच्या शेजारी चालतो, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला महाराष्ट्रात दर वर्षी दिला जातो. ओली जमीन बाष्पीभवनाने थंड राहते, आणि पाणी मिळालेले रोप पानांवाटे स्वतःला निववते. म्हणजे हा सल्ला पाण्याबरोबर त्या विकरांनाही जपतो. घरातील वडीलधारे वाफसा आल्यावाचून तिफण धरू देत नसत, त्याचे एक कारण आम्हांस असे उशिरा कळले. परंतु थांबण्यालाही किंमत असते. पेरणी लांबली की उतारा घटतो, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला आभाळाकडे पाहत बसणे परवडत नाही. कोवळ्या कोंबाने चार दिवस अधिक तग धरला, तर ती सवड अशा माणसाच्या पदरी पडेल. विकरांच्या या सूक्ष्म अभ्यासाचे मोल आम्ही त्या चार दिवसांत मोजतो.