कोयती घेताना मूठ बघा

वाचकहो, तुमच्या घरातली कोयती आत्ता कुठे आहे, सांगता येईल का? गोठ्याच्या मेढीला खोचलेली असेल, नाहीतर वैरणीच्या भाऱ्याखाली हरवलेली असेल. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चाल बघतो, चार जाणत्यांना विचारतो. बियाणे घेताना दहा दुकाने हिंडतो. कोयती मात्र बाजारातून परतताना मिरच्यांच्या शेजारी पिशवीत टाकून आणतो. मीही एकदा असेच हत्यार आणले होते. त्याची खूण माझ्या उजव्या तळहातावर आजही आहे.

गोष्ट १९८२ सालची. आमचे गाव कृष्णाकाठचे, कराडच्या बाजूचे. मी तेव्हा नुकता शेतीत पडलो होतो. जत्रेत एक सुरी पाहिली. पाते आरशासारखे लखलखीत, मूठ लाल रंगाची. घरात आईची जुनी कोयती होती, पण ती काळी, झिजून अर्धी झालेली. मला तिची लाज वाटायची. मी ती सुरी घेतली आणि ऐटीत कमरेला लावून हिंडू लागलो.

आषाढातली रात्र होती. पाऊस कोसळत होता. गोठ्यातून धडपडल्याचा आवाज आला म्हणून कंदील घेऊन धावलो. आमची पहिलारू म्हैस दाव्यात गुरफटून पडली होती. दावे नायलॉनचे, भिजलेले आणि तिच्याच ओझ्याने ताणलेले. गाठ सुटणे शक्यच नव्हते. तिचे डोळे पांढरे झाले होते, जीभ बाहेर आली होती.

मी सुरी काढली आणि दाव्यावर चालवली. पाते वाकले. पुन्हा जोर लावला, तशी मूठ माझ्या हातात आली आणि पाते दाव्यातच राहिले. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही. मी ते उघडे पातेच धरून ओढले. तळहात चिरला, दावे तसेच राहिले.

तेवढ्यात आई आली. तिने आपल्या कोयतीची पाठ म्हशीच्या मानेला लावली, धार बाहेरच्या अंगाला धरली आणि एकच हिसका दिला. दावे तुटले. म्हैस थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग हुंकारली आणि उठून उभी राहिली. आईने माझा हात धुतला, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरला. सकाळी तालुक्याला जाऊन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. पण करंगळी तेव्हापासून पुरती मिटत नाही. आई एवढेच म्हणाली, "चमक बघून घेतलीस रं. मूठ बघितलीच न्हाईस."

टाके निघाल्यावर मी गावच्या लोहारकाकांकडे गेलो. म्हटले, "काका, चांगली कोयती करून द्या." त्यांनी भात्यावरून मान वर न करता विचारले, "कापायचं काय?" मला उत्तर देता येईना. ते म्हणाले, "ऊस तोडायला येगळी, फांदी छाटायला येगळी. दावं, सुतळी, मका, घेवड्याचा येल, समद्याला एकच पायजेल असंल तर हलकी घे. जड हत्यार घरी ऱ्हातं. हलकं संगं येतं."

त्या दिवशी त्यांच्या ऐरणीपाशी बसून जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट लोखंडाची. सळईचे किंवा पत्र्याचे मऊ लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही, कारण त्यात कार्बन फार थोडा असतो. मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा मात्र पोलादाचा असतो. त्यात शेकडा अर्ध्याच्या वर कार्बन असतो, म्हणून तो पाणी धरतो. आपल्याकडचे लोहार आणि पाल टाकून बसणारे घिसाडी चांगल्या हत्याराला हाच पाटा वापरतात. घेण्यापूर्वी विचारा, "पाट्याची हाय का?" खरा कारागीर न लपवता सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाते लालभडक तापवून धार पाण्यात किंवा तेलात बुडवली की ती काचेसारखी कडक होते. पण तशीच ठेवली तर काचेसारखीच उडते. म्हणून ती घासून उजळ करतात आणि पुन्हा हलकी शेकतात. धारेवर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढू लागला की कारागीर लक्ष देऊन बघतो आणि कामाच्या मानाने योग्य रंगाला पाते विझवतो. लोहारकाका म्हणाले, "पाणी जास्त झालं तर धार उडती, कमी झालं तर वळती. माणसाच्या रागासारखंच हाय बघ." घेताना कानशीने धारेची परीक्षा करा. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर धार मऊ. नुसतीच घसरली तर फार कडक. जरा कष्टाने लागली तर ठीक.

तिसरी गोष्ट मुठीची, आणि माझ्या मते हीच पहिली. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीत किती खोल गेला आहे ते बघा. माझ्या त्या सुरीचा तो भाग जेमतेम दोन बोटे आत होता. चांगल्या कोयतीत तो मुठीच्या आरपार जाऊन मागे ठोकून वळवलेला असतो. पुढच्या तोंडाला लोखंडी शेंबी असते, म्हणजे लाकूड फुटत नाही. लाकूड बाभळीचे किंवा शिसवीचे, वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आक्रसते आणि खुळखुळू लागते. हात ओला करून मूठ धरून बघा. आणि घरात कोयती जास्त कोण वापरते? बहुतेक घरी वैरण कापणारी बाईच असते. मग तिलाच बाजारात न्या, तिच्याच हातात देऊन बघा.

घडीचा चाकू खिशाला बरा, पण सांध्यात चिखल आणि उसाचा रस बसतो, आणि जोर लावताना तो बोटांवर मिटू शकतो. रानातल्या कामाला सांधा नसलेलेच हत्यार बरे. पाते वीतभर पुरे. एक डोळा मिटून पाठीवरून नजर टाका, पाते सरळ दिसले पाहिजे. नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा मूठ सैल आहे.

आता निगा. पोलादाला गंज चढतो. लखलखीत स्टेनलेस सहसा गंजत नाही हे खरे, पण आपल्या लोहाराला ते सहज शेवटता येत नाही. कैरी, लिंबू, ऊस कापल्यावर पाते पुसा आणि बोटभर खोबरेल फिरवा. काळा पडलेला रंग खरवडू नका, तो गंज नव्हे. धार दगडावर पाणी टाकून लावा. विजेच्या चाकावर लावणार असाल तर मधून मधून पाण्यात बुडवायला सांगा. धार निळी पडली की समजा, पाणी उतरले. आणि कोयती नेहमी म्यानात किंवा मेढीला, पोरांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. ती रानात शोभते, जत्रेत कमरेला नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

लोहारकाकांनी तेव्हा करून दिलेली कोयती अजून माझ्याकडे आहे. मूठ दोनदा बदलली, पाते तेच आहे. काका आता नाहीत, त्यांचा भाता थंड झाला. मुलगा वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. तुमच्या गावात ऐरणीचा आवाज अजून येत असेल, तर पुढची कोयती तिथूनच घ्या आणि भाव करताना हात जरा सैल सोडा. आपल्या ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तर 'एक कोयता' असेच म्हणतात. ज्या हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, ते हलके कसे समजावे?

दर खंडेनवमीला मी अवजारे मांडतो. नांगराच्या फाळाशेजारी माझी कोयती असते आणि तिच्या बाजूला आईची, झिजून बोटभर उरलेली. हळदकुंकू मी आधी आईच्या कोयतीला लावतो.