भजनी मंडळाची गोवा-स्वारी

मैत्रिणींनो, नवऱ्याबरोबर प्रवास केला असेल, सासूबाईंना घेऊन यात्रा केली असेल. पण नऊ बायका, एक पेटी, एक तबला-डग्गा आणि सात जोड टाळ एका गाडीत कोंबून तुम्ही कधी आंबोलीचा घाट उतरलात का? नसलात तर आमची ही हकिगत आधी वाचा आणि मग काय ते ठरवा!

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. आमचं भजनी मंडळ सांगलीतलं. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच, म्हणजे मागचं आवरून झालेलं आणि संध्याकाळचा कुकर अजून लागायचा असतो, त्या मधल्या वेळात आम्ही जमतो. आजवरची आमची मजल म्हणजे गल्लीतला गणपती, कुणाच्या घरचं सत्यनारायणाचं पूजन, फार तर नरसोबाची वाडी. अशात फोंड्याजवळच्या एका देवळाकडून निरोप आला की, उत्सवात शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तुम्हाला चाळीस मिनिटं देतो. मानधन नाही, मात्र अग्रशाळेत दोन खोल्या आणि प्रसादाचं जेवण. आम्हाला तेवढंही स्वर्गासारखं वाटलं.

पैशांचं खातं माझ्याकडे. दिवाळीत चकल्या-अनारसे विकून मंडळाचे ८,००० रुपये शिल्लक होते. दरडोई १,२०० प्रमाणे नऊजणींचे १०,८०० झाले. त्यातून तीन दिवसांच्या गाडीचे १०,५०० वजा जाता बाकी ८,३००. त्यात तीन दिवस बसवायचे! हॉटेलचं नावसुद्धा काढायचं नाही असं ठरलं. प्रत्येकीला एकेक पदार्थ वाटून दिला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या, मेतकूट, लोणचं. ‘अहो’ मंडळींसाठी फ्रीजमध्ये काय काय ठेवून निघालो, ते लिहायला बसले तर हे पान पुरायचं नाही.

आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते गाण्यांच्या यादीचं. इथे मी एक गोष्ट केली, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल.

आमच्यातल्या सर्वांत वडील त्या मावशी. वय एकाहत्तर. लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकलेल्या. मंडळ त्यांनीच काढलं. मला तर टाळ कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं. पण अलीकडे त्यांचा आवाज खाली उतरला होता. आम्ही बाकीच्या काळी पाचमध्ये गाणार आणि मावशींना लागणार काळी तीन. मग पेटीवाल्या वहिनींना मध्येच पट्टी बदलावी लागे. ताल सुटे, एखादा सूर थरथरे. चाळीस मिनिटांत अकरा अभंग बसेनात, तेव्हा मी वहीतल्या यादीतून मावशींच्या विराणीवर हळूच रेघ मारली. कुणाला विचारलं नाही. ‘वेळच नाही, काय करणार?’ असं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. सहाला निघालो. कोल्हापूर गेलं, मग गडहिंग्लज, आजरा. गाडीत गाणी, कोडी, एकमेकींच्या सासवा, सगळं चालू होतं. आजऱ्याच्या पुढे मावशींनी मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट काढली. मोगूबाई गोव्यातल्या कुर्डी गावच्या. जन्म १९०४ चा. दहा वर्षांच्या असताना आई गेली. मग पोटासाठी नाटक कंपन्या, त्यातली एक सातारकर स्त्री संगीत मंडळी, म्हणजे पुरुषांची कामंही बायकाच करणार. पुढे प्रकृती बिघडली म्हणून औषधपाण्यासाठी त्या आमच्या सांगलीत येऊन राहिल्या. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबही तेव्हा उपचारांसाठी सांगलीतच होते. रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला सुरुवात केली.

“आपल्या सांगलीतल्या रस्त्यावर बरं का!” मावशी म्हणाल्या. “कुठली मुलगी, कुठले खाँसाहेब! मला एकदा ती कुर्डी बघायचीय. धरणात गेलीय म्हणे, पण मे महिन्यात वर येते.”

आम्ही ‘हो हो’ म्हटलं, जसं आपण वडीलधाऱ्यांना म्हणतो तसं.

साडेअकराला आंबोली मागे टाकून घाटाच्या तोंडाशी आलो आणि गाडीतून खटकन आवाज झाला. पाठोपाठ वाफ. फॅनबेल्ट तुटला होता. ड्रायव्हर भाऊ एसटीला हात करून सावंतवाडीला गेले. तिथून दोन तासांनी बेल्ट घेऊन आले, तो नेमका दुसऱ्याच मापाचा. परत गेले. आम्ही रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून बसलो. येणारे-जाणारे आम्हाला बघून गाडी हळू करत. एकाने तर विचारलं, “आंदोलन कशाचं आहे?”

तीन वाजता वळीव आला, आणि आला तो सांगून नव्हे. पेटी आणि तबला-डग्गा वर कॅरिअरवर ताडपत्रीखाली होते. ताडपत्रीची एक दोरी सुटली होती ते खाली उतरवताना दिसलं. डग्ग्याची पुडी भाकरीच्या पिठासारखी मऊ पडलेली. पेटी पुसून वहिनींनी भाता मारला, तर कुठल्याही पट्टीला हात न लावता तिने ‘भों’ करून सूर धरला! ओल्याने लाकूड फुगलं होतं आणि एक पट्टी दबून बसली होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

हातपाय गाळून बसलो होतो आम्ही तिघी-चौघी तरुण म्हणवणाऱ्या. मावशी मात्र पदर खोचून समोरच्या घराकडे गेल्या आणि पाच मिनिटांत तिथूनच हाक मारली. त्या घरातल्या बाईंनी चूल पेटवून दिली. मावशींनी डग्गा चुलीपासून हातभर लांब धरला आणि पापड शेकावा तसा सावकाश फिरवत बसल्या. “जवळ नेलास तर पुडी तडकेल,” म्हणाल्या. त्या घरच्या उकड्या तांदळाच्या पेजेत आमचं लोणचं, आणि आमच्या दशम्या त्यांच्या मुलांच्या हातात. इतकं गोड जेवण मी कुठल्या लग्नात जेवले नाही.

चुलीपाशी बसून मावशी म्हणाल्या, “खर्च लिहून ठेव ग, नाहीतर विसरशील. आण वही, मी लिहिते.” मी वही दिली आणि मग आठवलं. पण तोवर पान उलटलं गेलं होतं.

मावशींनी यादी पाहिली. रेघ पाहिली. शांतपणे पुढचं पान काढून बेल्टचे आणि एसटीचे पैसे मांडले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बरं केलंस. माझ्यापायी वहिनींनी पट्टी बदलत बसायला नको.”

रागावल्या असत्या तर मी वेळेचं कारण पुढे केलं असतं. आता काय बोलणार? चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त तेवढं मिळालं.

साडेपाचला गाडी सुरू झाली. सावंतवाडीचा मोती तलाव काचेतूनच पाहिला. लाकडी खेळणी घेण्याचा बेत तसाच राहिला. देवळात पोचायला नऊ वाजून गेले. आमची वेळ दुसऱ्या मंडळाला देऊन झाली होती. शनिवार-रविवार आधीच भरलेला. “पुढच्या वर्षी या,” असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. उत्सव काही आमच्या फॅनबेल्टसाठी थांबणार नव्हता. प्रसाद घेतला, खोल्यांत सतरंज्या पसरल्या. पण सहा महिने केलेली तयारी उशाला घेऊन झोप कशी लागावी? एकीने चिडून म्हटलं, “सकाळी परत फिरू या.” दुसरी म्हणाली, “घरी काय तोंड दाखवू? ‘जाऊन काय केलंत?’ म्हणतील.”

तेव्हा मी म्हटलं, “उद्या कुर्डीला जाऊ या.” मावशी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. जाग्या होत्या की नाही, कोण जाणे.

शनिवारी सकाळी फोंड्याहून निघून सांगे गाठलं आणि पुढे विचारत विचारत गेलो. साळावली धरणाच्या पाण्यात हे गाव १९८० च्या दशकात बुडालं. गावकऱ्यांना वाडे आणि वाल्किणी इथल्या वसाहतींत हलवलं. त्याच धरणाचं पाणी आज दक्षिण गोव्यात घराघरांत नळाला येतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा खाली जातं. माहेर असावं तसं, वर्षातून थोडे दिवस!

गाडी कडेला लावून आम्ही चालत आत गेलो. भेगाळलेली माती, वाळून काळी पडलेली झाडांची खोडं, आणि जिकडे बघावं तिकडे जांभ्या दगडांची जोती. भिंती नाहीत, पण उंबरा कुठे, परसू कुठे, विहीर कुठे ते बाईच्या नजरेला बरोबर कळतं. एका जोत्याच्या कोपऱ्यात पाटा पडलेला दिसला. आमच्यातली एकही बोलेना. अकराव्या शतकाच्या सुमारास बांधलेलं इथलं महादेवाचं दगडी देऊळ तेवढं दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं आहे. माणसांची घरं कोण उचलून नेणार?

सोमेश्वराच्या देवळाशी चार-सहा माणसं झाडलोट करत होती. मे महिन्यात जुने गावकरी उत्सवाला इथे परत येतात, त्याची तयारी. हिंदू सोमेश्वराकडे येतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाकडे. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हाताने दाखवलं, “थंय मोगूबाईगेलें घर.” तिथेही जोतंच. या एवढ्याशा जोत्यावरून निघालेली पोर सांगलीला आली, मुंबईला गेली. मध्ये शिक्षण तुटलं, तरी धीर धरून १९३४ साली खाँसाहेबांचा गंडा बांधला, १९७४ साली ‘पद्मभूषण’ झाली, आणि लेकीलाही, म्हणजे किशोरी आमोणकरांना, आपलं गाणं देऊन गेली. मावशी त्या जोत्यापाशी वाकल्या आणि चिमूटभर माती रुमालाच्या गाठीत बांधली.

त्या गावच्या बाईंनी टाळ पाहिले होते. म्हणाल्या, गाणारी माणसं आहात तर देवापुढे काहीतरी म्हणा. वहिनींनी पेटी उघडली, भाता मारला. पुन्हा तेच, ‘भों’! आम्ही हसायला लागलो, तसं त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “अगं, अडकलेली पट्टी काळी तीनची आहे!”

काळी पाचमध्ये गाणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो सूर म्हणजे कानात भुंगा. पण मावशींचा तर तोच षड्ज! मी वही उघडलीच नाही. म्हटलं, “मावशी, तुमची विराणी.” त्या म्हणाल्या, “नको ग, आवाज नाही राहिला.” मी म्हटलं, “मी चुकले. तुम्हाला न विचारता रेघ मारली. आता माझ्यासाठी म्हणा.”

मावशी मातीवरच मांडी घालून बसल्या. पेटी नुसती तो एक सूर धरून तंबोऱ्यासारखी बोलत राहिली. आवाज थरथरत होता, नाही असं नाही. दोनदा श्वास पुरला नाही. पण त्या मोकळ्या माळावर तो थरथरणारा सूर चुकीचा वाटेना. झाडू खाली ठेवून माणसं बसली. गाणं संपल्यावर त्या म्हाताऱ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “आनीक एक म्हण गो बाये.” चाळीस मिनिटं राहिली बाजूला, पुढे दीड तास आम्ही तिथे होतो. सगळं गाणं काळी तीनमध्ये. आमचाही आवाज तिथे छान लागतो हे तेव्हा कळलं!

तुम्ही निघणार असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. वाद्यं कॅरिअरवर कधीही ठेवू नका. कपड्यांच्या पिशव्या वर जाऊ द्या, पेटी मांडीवर घ्या. पेटीला आधी मेणकापड आणि त्यावर जुनी गोधडी गुंडाळा. गाडी ठरवताना जादा फॅनबेल्ट आहे का ते विचारा. ड्रायव्हर हसला तरी विचारा. कार्यक्रम असेल त्याच्या आदल्या दिवशीच पोचा. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी वेगळा बांधून ठेवा. कुर्डीला जायचं तर मे महिन्यातच जा, पाऊस लागला की गाव दिसत नाही. डोक्याला पदर आणि बरोबर पाणी हवंच, कारण सावलीला एक झाड नाही. आणि गाण्यांची यादी करताना कुणाचं नाव गाळायचं असेल, तर आधी तिच्या घरी चहाला जा.

परत आल्यावर पेटी घेऊन आम्ही मिरजेला गेलो. मिरजेची सतार आणि तंबोरा पिढ्यान् पिढ्या नावाजलेला. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिराने दहा मिनिटांत पट्टी मोकळी करून दिली. वहिनींनी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवून खात्री केली. पेटी पहिल्यासारखी झाली.

मावशी मात्र जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, “कशाला सोडवलीत? माझ्या बाजूने बोलणारी तेवढी एकच होती!”

“आता नऊ आहेत,” वहिनी म्हणाल्या. तेव्हापासून आमचा गुरुवार काळी तीनपासून सुरू होतो.