हाडाची एक पट्टी

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदांत एक विजेची गिटार आहे. फेंडर कंपनीनें १९५४ सालीं अमेरिकेंत काढलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या घाटाची ती एक स्वस्त नक्कल असून एका माजी विद्यार्थ्यानें ती शाळेस दिली आहे. गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या तालमींत ती वाजविणाऱ्या इयत्ता नववींतील एका मुलास आम्हीं सर्वांदेखत म्हटलें, "तुला स्वराचा कानच नाहीं. टाळ्या देणाऱ्या मुलांत जाऊन बैस." त्यावर तो हळूच म्हणाला, "सर, मोकळ्या तारा बरोबर लागतात. पहिल्या पडद्यावर बोट ठेवलें म्हणजे बिघडतें." आम्हांस ती सबब वाटली. वीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर शिक्षकास मुलांचें प्रत्येक उत्तर सबबच वाटूं लागतें; असो.

त्या रात्रीं गिटार घरीं नेली आणि स्वर मोजण्याच्या यंत्रापुढें एकेक तार छेडून पाहिली. मोकळी तिसरी तार बिनचूक. बाराव्या पडद्यावरही बिनचूक. पहिल्या पडद्यावर मात्र स्वर चांगलाच चढलेला! मुलानें सांगितलें तें अक्षरशः खरें होतें. आम्हांस झोंप नीट लागली नाहीं.

दोष होता नटांत. खुंट्यांकडून येणाऱ्या सहा तारा दांडीवर उतरण्यापूर्वीं ज्या आडव्या पट्टीच्या खांचांतून जातात, तिला गिटारवाले नट म्हणतात. तंबोऱ्यास जी अटी, तीच ही. मोकळ्या तारेची लांबी येथूनच मोजतात. आमच्या गिटारींत ती ६४८ मिलिमीटर आहे. पडद्यांचीं स्थानें गणितानें ठरतात : उरलेल्या लांबीस १७·८१७ नें भागावें, म्हणजे पुढील पडदा किती अंतरावर तें कळतें. त्याप्रमाणें पहिला पडदा नटापासून ३६·४ मिलिमीटरांवर येतो. (दुसरा विद्यार्थ्यांनीं काढून पाहावा.) परंतु तार पडद्यांच्या अगदीं लगत आहे असें धरून हें गणित चालतें. नटाच्या खांचा उथळ असल्या तर तार उंचावर राहते, दाबतांना अधिक ताणली जाते, आणि ताण वाढला कीं स्वर चढतो. नटाजवळ हा दोष सर्वांत अधिक. आमच्या गिटारीचा नट प्लॅस्टिकचा होता, व त्याच्या खांचा कोणीं घाईनें कापून तशाच सोडल्या होत्या.

नवा नट हाडाचा करावयाचें ठरविलें. गुरांच्या हाडाची कापलेली पट्टी विकत मिळते. कांचेवर पॉलिश-पेपर पसरून तीवर ती घांसली. हाडाची धूळ फुप्फुसांस बाधते, म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधली. तरी दंतवैद्याच्या खोलींतला वास घरभर झाला आणि आमच्या मंडळींनीं आम्हांस अंगणांत घालविलें. खोबणींत पट्टी हातानें दाबून बसावी, पण गिटार उलटी धरली तरी पडूं नये, इतपत ती घट्ट हवी.

खरें काम खांचांचें. सर्वांत बारीक तार इंचाच्या १० सहस्रांशांची, सर्वांत जाड ४६ सहस्रांशांची. म्हणून प्रत्येकीस निराळी कानस. खांचेचा तळ खुंट्यांच्या दिशेनें उतरता ठेवावा, म्हणजे तार पुढच्या कडेवरूनच सुटते. तळ सपाट राहिला तर तार हाडावर घांसून सतारीसारखी झणझणते. गंमत अशी कीं, तंबोऱ्याच्या घोडीवर नेमकी हीच झणझण आणण्यासाठीं मिरजेचे कारागीर हाड घांसून जवारी काढतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथें जो गुण, तोच येथें दोष!

खोलीची परीक्षा अशी : तार तिसऱ्या पडद्याशीं दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर बोटानें टिचकावी. खालीं केसाएवढी फट असली तर बारीकसा "टिक्" ऐकूं येतो. तो नाहींसा झाला कीं हाड फार गेलें. आमची पहिली पट्टी अशीच गेली. दुसऱ्या तारेच्या खांचेंत कानस दोनदां अधिक फिरली, आणि मोकळी तार पहिल्या पडद्यावर खरखरूं लागली. घांसलेलें हाड परत येत नाहीं. हाडाची पूड व सुपरग्लू यांनीं खांच बुजवितां येते खरी; परंतु आम्हांस तें ठिगळ रुचलें नाहीं.

दुसऱ्या पट्टीच्या वेळीं आम्हीं त्या मुलास घरीं बोलाविलें व प्रथम झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो संकोचला, दिवा धरून उभा राहिला. तीन संध्याकाळीं काम चाललें. आम्ही कानस फिरवावी, त्यानें तार टिचकावी. चौथ्या तारेपाशीं आम्ही आणखी घांसणार, तोंच तो म्हणाला, "सर, पुरे. आतां अगदीं थोडा उरला आहे." आम्हीं कान लावला. आमच्या कानांस कांहींच ऐकूं येईना. फीलर-गेजचें पातळ पातें सरकवून पाहिलें, तों फट खरोखरच जेमतेम उरली होती.

शेवटीं त्यानें पेन्सिलीचें शिसें खांचांत भरलें, म्हणजे तारा अडकत नाहींत. पुढच्या तालमीस, जीं मुलें त्या दिवशीं हजर होतीं त्यांच्याच समोर, चूक वाद्याची व आमची होती, असें आम्हीं सांगितलें. मग तो वाजवूं लागला, आणि आम्ही टाळ्या देणाऱ्या मुलांत जाऊन बसलों.